प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: ३१ दुकानांचा डेटा त्यावर टाकून दीड वर्ष झालं

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर म्हणजे कंपनीच्या मशीनचे बॅकअप घेऊन साठवणारं सॉफ्टवेअर. मत आधीच सांगून टाकते, घेण्यासारखं आहे. आम्ही घेतलं आणि परत निवडायची वेळ आली तर परत हेच घेईन. पण का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल, कारण सुरुवातीला आम्ही सगळ्या कंपन्यांकडून कोटेशन मागवताना फक्त टीबी विचारत होतो, किती टीबी बसतील, पुढं किती वाढवता येतील वगैरे. तास कोणी विचारलेच नाहीत. बंद पडलं तर परत चालू व्हायला किती तास, हा प्रश्न आमच्या यादीत नव्हताच.

कंपनी किरकोळ विक्रीची, ६ दुकानांवरून ३१ वर गेली, सोबत गोदाम आणि ऑनलाइन ऑर्डरी. दुकानं वाढली तसं बिलिंग, स्टॉक, खरेदी सगळं वाढलं पण डेटा होता तिथंच, हेड ऑफिसमधल्या एका चार डिस्कच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या डब्यावर, रेड ५ मध्ये. ऑफिसच्या फायली त्यावर, प्रॉडक्टचे फोटो त्यावर आणि रात्री २ वाजता बिलिंगच्या डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, पण त्यावरच येऊन पडायचा. शनिवारी कोणीतरी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावून कॉपी करायचं, ज्याला आठवेल तो. आणि सगळ्यांना वाटायचं की रेड आहे म्हणजे बॅकअप आहे. रेड म्हणजे एक डिस्क मेली तरी काम थांबू नये म्हणून केलेली सोय, बस. कोणी फाइल उडवली तर रेड ती सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानदारीत उडवतं.

मग एका सकाळी ११ च्या सुमारास खरेदी विभागातून नवीन भावांची शीट अपलोड झाली, तिच्यात एक कॉलम सरकला होता. १८ हजारांच्या आसपास आयटमचे विक्रीचे भाव चुकले आणि पंधरा मिनिटांत सगळ्या काउंटरवर पोचले. डिस्क बिघडली नव्हती, व्हायरस नव्हता, सगळं व्यवस्थित चालू होतं, फक्त भाव चुकीचे. आमच्याकडं रात्री २ चा डंप होता, पण तो तसाच चढवला तर सकाळपासून फाडलेली सगळी बिलं जाणार. म्हणजे दुसऱ्या मशीनवर चढवून त्यातला फक्त भावांचा टेबल काढायचा. दुसऱ्या मशीनवर जागा नव्हती. जागा केली, डंप चढायला साडेचार तास लागले, त्यात एकदा मध्येच अडकला, परत पहिल्यापासून. एकूण ९ तास गेले आणि ते ९ तास दुकानातली मुलं कागदावर छापलेले जुने भाव बघून हातानं बिल करत होती, रांगा दाराबाहेर. त्या दिवशीच्या फोनवरचे आवाज मला अजून आठवतात. बॅकअप होता बरं का. चांगला होता, फुटलेला नव्हता. तरी ९ तास.

त्यानंतर मी एक साधं गणित करून सरांपुढं ठेवलं. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे १० टीबी परत आणायला साधारण २५ तास, तेही दुसरं काही अडखळलं नाही तर. तोच डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून कुठून तरी बाहेरून ओढायचा म्हटलं तर ९ दिवस. ९ दिवस! सर दोन मिनिटं त्या कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, मग आपण विकत काय घेतोय? त्या प्रश्नानंतर आमची सगळी यादी बदलली.

आता जे उभं आहे ते असं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले कॉम्प्युटर, चालवणारे दोन होस्ट, एसएसडीवर झेडएफएस या फाइलसिस्टिमच्या मिररमध्ये. शेजारच्या खोलीत प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचा वेगळा डबा, हार्ड डिस्क रेडझेड२ मध्ये म्हणजे दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालतं, आणि मेटाडेटासाठी, म्हणजे काय कुठं ठेवलंय त्या नोंदींसाठी, एसएसडीची वेगळी जोडी. सगळं १० गिगाबिटवर जोडलेलं. दुसरा तसाच डबा गोदामात. डेटाबेसची तिसरी प्रत बाहेर ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे भाड्याच्या क्लाउड साठ्यावर, ऑब्जेक्ट लॉक म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येण्याचं कुलूप लावून. तीन प्रती, दोन प्रकारचं माध्यम, एक जागेबाहेर, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं तो लोकप्रिय केला, फोटो सांभाळायला. आमच्यासारख्यांच्याही उपयोगाचा आहे.

आता मूळ प्रॉडक्टबद्दल. प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी, बॅकअप सर्व्हरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली, रस्ट भाषेत लिहिलंय, ओपन सोर्स आहे. फीचर सगळे फुकट आवृत्तीत पण मिळतात, सबस्क्रिप्शन घेतलं की जास्त तपासलेले अपडेट आणि वरच्या प्लॅनमध्ये सपोर्ट. आम्ही सबस्क्रिप्शन घेतलंय, धंद्याचा डेटा आहे, तिथं काटकसर नको असं माझं स्पष्ट मत आहे.

काम कसं करतं ते समजून घेणं महत्त्वाचं कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. व्हर्च्युअल मशीनची डिस्क ४ एमबीच्या तुकड्यांत कापली जाते, प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक आकडा, काढला जातो आणि तो तुकडा आधीच सर्व्हरवर असेल तर परत पाठवतच नाही. आमच्याकडं एकाच साच्यातून काढलेली डझनभर मशीन आहेत, ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांत तीच, ती एकदाच साठते. त्यामुळं ६० दिवसांचे रोजचे बॅकअप ठेवूनही डबा अर्धासुद्धा भरलेला नाही, जुन्या पद्धतीत ७ दिवसांत जीव जायचा. प्रॉडक्टच्या फोटोंना याचा फायदा होत नाही, ते आधीच दाबलेले असतात आणि प्रत्येक वेगळा, तेवढी अपेक्षा धरू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग तर बॅकअपमध्ये घेऊच नका, त्याची वेगळी सोय करा, आम्ही पहिल्या महिन्यात एका दुकानाचं रेकॉर्डर मशीन चुकून जॉबमध्ये ठेवलं होतं आणि रोज रात्री नवा डेटा येऊन पडत होता.

मशीन चालू असेल तर कुठले ब्लॉक बदलले याची खूण क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः ठेवतं, म्हणून रोजचा बॅकअप काही मिनिटांत होतो, आमचं बिलिंगचं मशीन ६ ते ८ मिनिटं. पण ही खूण मेमरीत असते, मशीन पूर्ण बंद करून चालू केलं की ती जाते आणि पुढच्या वेळी सगळी डिस्क परत वाचली जाते. पाठवला तेवढाच जातो जेवढा बदललाय, पण वाचायला वेळ लागतो. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी बॅकअपला दोन तास लागले म्हणून घाबरू नका, हे त्याचं नेहमीचं वागणं आहे.

दुकानदारीत एक गोष्ट फार जपायची, बॅकअप चालू असताना बिलिंग हळू होता कामा नये. इथं रचना अशी आहे की बॅकअप चालू असताना, बॅकअपमध्ये अजून न गेलेल्या ब्लॉकवर मशीननं लिहायचं ठरवलं तर आधी जुना ब्लॉक बॅकअपला जातो, मग लिहिलं जातं. म्हणजे बॅकअपचा डबा हळू असेल तर त्याचा भार चालू मशीनवर येतो. यावर उपाय म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीई, म्हणजे होस्टवरचं त्यांचंच सॉफ्टवेअर, त्याच्या ८.२ मध्ये, एप्रिल २०२४, फ्लीसिंग आलं, जुना ब्लॉक तात्पुरता लोकल वेगवान डिस्कवर ठेवायचा आणि निवांत पाठवायचा. ते चालू करा, सेलच्या आठवड्यात दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात तेव्हा फरक स्पष्ट दिसला.

जागा मोकळी होण्याबद्दल पण आधीच वाचून ठेवा. जुने बॅकअप प्रून केले, म्हणजे छाटले, की लगेच जागा मिळाली असं होत नाही, प्रून फक्त त्या बॅकअपची यादी पुसतं. खरे तुकडे गार्बेज कलेक्शन या नंतरच्या साफसफाईत जातात आणि तेही २४ तास ५ मिनिटं कोणी न वापरलेले असतील तरच, कारण लिनक्सची फाइलसिस्टिम फाइल कधी वाचली याची वेळ दिवसातून एकदाच नोंदवत असेल असं धरून ही सुरक्षित मुदत ठेवलीय. मला हे आवडतं, उडवण्याच्या बाबतीत घाई नसलेलं सॉफ्टवेअर हवंच. पण डबा ९८ टक्के भरल्यावर जाग आली तर एक दिवस हातावर हात ठेवून बसावं लागतं, म्हणून ८० टक्क्यांवर सूचना लावा.

डिस्कबद्दल एकच सांगते. गोदामाच्या डब्यासाठी आम्ही सुरुवातीला स्वस्तातल्या डिस्क घेतल्या, त्या एसएमआर प्रकारच्या निघाल्या म्हणजे ज्यात ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, एक बदलायला शेजारचे पण परत लिहावे लागतात. एक डिस्क बदलली तर झेडएफएसला ती भरून काढायला पाच दिवस लागले आणि पाचही दिवस मी नीट झोपले नाही. सगळ्या काढून सीएमआर घातल्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या. विकणाऱ्याला लेखी विचारा, कुठल्या प्रकारची आहे ते.

आता मला सगळ्यात जास्त समाधान ज्याचं आहे तो भाग, उडवण्याची परवानगी कोणाकडं आहे. जुन्या नॅसवर ज्याच्याकडं अॅडमिनचा पासवर्ड तो सगळं पुसू शकत होता, आणि तो पासवर्ड बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आत आले की पहिल्यांदा बॅकअपच शोधतात. इथं होस्टला जो टोकन, म्हणजे लॉगिनची किल्ली, दिलाय त्याला बॅकअप घ्यायचा आणि स्वतःचा परत आणायचा एवढाच अधिकार, प्रून करायचा नाही. प्रून सर्व्हर स्वतः करतो. गोदामातला डबा हेड ऑफिसच्या डब्यातून ओढून घेतो, हेड ऑफिसकडं गोदामाचं लॉगिनच नाही. आणि तिकडं नाहीसं झालेलं इकडं पण काढून टाका असा एक पर्याय असतो, तो बंद ठेवलाय. बाहेरच्या ऑब्जेक्ट लॉकमध्ये कम्प्लायन्स मोड आहे, मुदत संपेपर्यंत खात्याचा मालक पण पुसू शकत नाही. सरांनी विचारलं की चुकून जास्त मुदत लावली तर? तर तेवढे दिवस जागेचे पैसे भरायचे, म्हणून आधी १ दिवसाची मुदत लावून पाहिली, मग ३०.

हे एवढं का केलं, तर जुलै २०२१ मध्ये स्वीडनच्या कूप या किराणा साखळीची ८०० च्या आसपास दुकानं बंद ठेवावी लागली होती, त्यांच्यावर थेट हल्ला झालेलासुद्धा नव्हता, कॅश काउंटर सांभाळणाऱ्या पुरवठादाराकडं जे रिमोट सॉफ्टवेअर होतं त्यातून रॅन्समवेअर आलं. माल शेल्फवर, गिऱ्हाईक दारात आणि काउंटर उघडत नाही. किरकोळ धंद्यात काम करणाऱ्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतोच.

त्यावरून आम्ही दुकानातल्या मशीनचा विचारच बदलला. आधी प्रत्येक दुकानातल्या पीसीचा बॅकअप कसा घ्यायचा यावर डोकं खाजवत होतो. आता ठरवलं की दुकानातल्या मशीनवर जपण्यासारखं काही ठेवायचंच नाही, फक्त सेंटरला न गेलेली बिलं, ती दर काही मिनिटांनी वर जातात आणि लाइन गेली तर लाइन येईपर्यंत दुसऱ्या काउंटरवर पण त्यांची प्रत असते. मशीन मेलं तर तयार इमेज टाकायची, आयटम मास्टर, म्हणजे मालाची आणि भावांची यादी, ओढायचा, तासाभरात काउंटर चालू. ३१ बॅकअप सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडलं.

भावांच्या शीटवाल्या प्रसंगाचं उत्तर मात्र बॅकअप सर्व्हरमध्ये नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप म्हणजे त्या क्षणाचा फोटो, ११ च्या आधीची १०:५५ ची स्थिती हवी तर डेटाबेसचंच काम आहे. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे, त्यात वॉल आर्काइव्ह चालू केलं, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद (वॉल) बाहेर साठवायची, ही सोय २००५ च्या ८.० पासून आहे आणि आम्ही इतकी वर्षं वापरत नव्हतो. रोज रात्री बेस बॅकअप, वर १६ एमबीच्या वॉल फायली सतत बाहेर, पाच मिनिटांपेक्षा जास्त काही मागं राहत नाही. लक्षात ठेवा, आर्काइव्ह अडकलं तर वॉल फायली मूळ सर्व्हरवरच साचत जातात आणि डिस्क भरून डेटाबेस बंद पडतो, म्हणून त्याच्यावर पहारा हवाच. मोकळं मशीन कायम तयार ठेवलंय, जागेसकट. तोच प्रसंग परत घडवून पाहिला, १०:५५ पर्यंत आणून भावांचा टेबल बाहेर काढायला ४० मिनिटं लागली.

मशीन पूर्ण गेलं तर लाइव्ह रिस्टोअर आहे, म्हणजे बॅकअपवरूनच मशीन लगेच सुरू होतं आणि डेटा मागून भरत राहतो. २ टीबीचं फाइल सर्व्हर चार मिनिटांत लोकांना दिसायला लागलं, हळू होतं पण दिसत होतं. त्यात धोका असा की भरणं मध्येच फसलं तर तेवढ्या वेळात लिहिलेलं जातं, म्हणून बिलिंगला मी हे वापरत नाही, फाइल सर्व्हरला बिनधास्त वापरते. एखादीच फाइल हवी असेल तर वेब पेजवरूनच डिस्क उघडून फाइल उतरवता येते, अकाउंट्सच्या ताईंची एक्सेल शीट अशी कितीदा तरी काढून दिलीय.

कमी काय आहे? विंडोजसाठी फाइल पातळीवरचा अधिकृत क्लायंट नाही, विंडोज व्हर्च्युअल मशीन म्हणून असेल तरच सोय. एन्क्रिप्शन क्लायंटकडं होतं ही चांगली गोष्ट, पण त्याची किल्ली (की) हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा, ती कागदावर छापायची सोय दिलीय, छापा आणि दोन ठिकाणी ठेवा. एस३ म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेजला थेट जोडायची सोय ऑगस्ट २०२५ च्या ४.० मध्ये टेक प्रिव्ह्यू म्हणजे चाचणीपुरती म्हणून आली, आमची बाहेरची प्रत अजून तरी वेगळ्या मार्गानंच जाते. टेपची सोय आहे, आम्ही वापरली नाही त्यामुळं मत नाही. लिनक्सची अजिबात सवय नसलेल्या टीमनं एकट्यानं करू नये, कोणीतरी जाणकार सोबत घ्या.

रिस्टोअरची तालीम आम्ही दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी करतो आणि ज्यानं सिस्टिम उभी केली त्यानं करायची नाही असा नियम आहे, दुसऱ्यानं कागद वाचून करायची. पहिल्याच तालमीत आमचा नवीन मुलगा दुसऱ्या पायरीवर थांबला. पायऱ्या लिहिल्या होत्या विकीवर, विकी होतं एका व्हर्च्युअल मशीनवर, आणि आपण समजून चाललो होतो की सगळी मशीन गेलीत. पासवर्डचं तिजोरी-सॉफ्टवेअर तसंच, डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा आयपी नंबर शोधून देणारी सोय, तसंच. म्हणजे खऱ्या वेळी बॅकअप हातात असून आत शिरायला किल्ली मिळाली नसती. आता छापील फाइल आहे, आयपी नंबरांसकट, सीलबंद पाकिटात पासवर्ड, आणि क्रम ठरलेला, आधी डीएनएस, मग लॉगिन, मग डेटाबेस, मग बिलिंग.

आणि बॅकअप फसल्याच्या मेलवर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमर लोकांचा कोड साठवणाऱ्या साइटवर चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडवली गेली तेव्हा कळलं की रोजचा डंप कधीपासूनच फसत होता, डंप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि फसल्याचे मेल मेल सर्व्हर नाकारत होता म्हणून कोणापर्यंत पोचलेच नाहीत. सहा तास आधी कोणीतरी हातानं घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं, तरी तेवढ्या तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहिलं याबद्दल मला फार आदर आहे. आम्ही उलटं केलंय, यशाचा निरोप आला नाही तर फोन वाजतो. व्हेरिफाय जॉब पण रोज चालतो, तुकडे परत वाचून एसएचए जुळतो का बघतो, एकदा तपासलेलं ३० दिवसांनी परत.

गोदामाच्या डब्याची पहिली प्रत लाइनवरून पाठवायच्या भानगडीत पडलो नाही. डबा हेड ऑफिसमध्येच भरला, एका रात्रीत झालं, आणि गाडीतून उशा लावून नेला. आता रोजचा फरक तेवढाच जातो, पहाटे ५ च्या आत संपतो. गोदामाची लाइन अजून १०० एमबीपीएसच आहे, म्हणजे हेड ऑफिस पूर्ण गेलं तर तिकडून डेटा ओढत न बसता डबाच उचलून आणायचा असं छापील फाइलमध्ये लिहिलंय, पान ७, गाडीची चावी कोणाकडं असते त्यासकट.